प्रवासात इतिहास कसा ऐकावा: खानापूर-बेळगाव वाटेवरून नवख्यांसाठी

खानापूर ते बेळगाव अंतर २६ किलोमीटर. वाटेत गणेबैलचा टोल नाका, मग देसूर, मच्छे, पिरनवाडी, आणि मी उतरतो उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत. जाऊन-येऊन पावणेदोन तास बसमध्ये जातात. वर्षाचे २८० कामाचे दिवस धरले तर पाचशेच्या आसपास तास होतात. सहा वर्षांपूर्वी मी हा हिशेब वहीच्या मागच्या पानावर मांडला आणि त्या दिवसापासून बसमध्ये व्याख्यानं आणि इतिहासाची ऑडिओबुक ऐकायला लागलो. तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं, त्यामुळे चुका करत शिकलो. आता गावातली पोरं, शेजारच्या वहिनी, कारखान्यातले सहकारी विचारतात, "सुरुवात कुठनं करू?" त्यांना तुकड्यातुकड्यानं सांगत आलो, ते सगळं इथे एकत्र मांडतो.

आधी एक गोष्ट, कारण ती आपल्या भागाची खास आहे. आमच्याच घरात बघा. पुतणी इंग्रजी माध्यमात शिकते, शाळेत कन्नड आहे, घरी मराठी बोलते. पण देवनागरीतलं पान वाचायला दिलं तर अक्षर अक्षर लावत बसते. दुसरीकडे आमचे बाबा. उभं आयुष्य बाजारात कन्नडमध्ये व्यवहार केला, भाषण ऐकलं तर शब्द न शब्द कळतो, पण बसवरची कन्नड पाटी वाचता येत नाही. दोघांनाही इतिहासाची गोडी आहे आणि दोघांचीही वाट लिपीनं अडवलेली. कानाला लिपी लागत नाही. पुतणी मराठी ऑडिओबुक ऐकते, बाबा धारवाडकडच्या प्राध्यापकांची कन्नड व्याख्यानं ऐकतात, आणि रात्री जेवताना दोघं एकमेकांना सांगतात. सीमाभागातल्या माणसानं ऐकायला शिकावं असं मला मनापासून वाटतं ते याचसाठी.

तसं व्याख्यान ऐकणं आपल्याला नवीन नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ ची. आपल्याकडे कडोली, उचगावसारख्या गावांत दरवर्षी साहित्य संमेलनं भरतात आणि माणसं शेताची कामं आटोपून मांडवात येऊन बसतात. खासदार बॅरिस्टर नाथ पै १७ जानेवारी १९७१ ला बेळगावात बोलले आणि दुसऱ्या दिवशी इथेच गेले. त्या भाषणाची आठवण सांगणारी म्हातारी माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. फरक इतकाच की तेव्हा मांडवात जावं लागायचं, आता मांडव खिशात मावतो.

पहिलं काम: आपल्या वाटेवरचा विषय घ्या

नवखा माणूस सगळ्यात मोठ्या विषयाला हात घालतो. जगाचा इतिहास, चाळीस भाग, इंग्रजीत. तिसऱ्या दिवशी इअरफोन पिशवीत जातो तो परत निघत नाही. तसं करू नका. तुमची बस ज्या गावांवरून जाते त्यांच्यापासून सुरू करा.

आपल्या जिल्ह्यात त्याला तोटा नाही. खानापूर-नंदगड वाट असेल तर हलशी घ्या. कदंब राजघराण्याच्या काळातली पलाशिका ती हीच. पाचव्या शतकातल्या ताम्रपटांत तिचं नाव येतं, आणि आज दिसणारं भूवराह नरसिंहाचं देऊळ त्यानंतर कित्येक शतकांनी गोव्याच्या कदंबांच्या काळात झालं. एकाच गावात कदंबांची दोन घराणी भेटतात. नंदगडला कित्तूरचा लढवय्या संगोळ्ळी रायण्णा याला १८३१ मध्ये फाशी दिली गेली. धारवाडच्या बाजूला जात असाल तर कित्तूर. बेळगावातच असाल तर किल्ला आहे. १४७३ मध्ये बहामनींचा वजीर महमूद गवाननं तो घेतला आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी. टिळकवाडीची काँग्रेस विहीर रोज डोळ्यांखालून जाते. डिसेंबर १९२४ च्या अधिवेशनासाठी ती खोदली होती, आणि गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते त्या एकाच अधिवेशनाला.

माहितीचं गाव असलं की कान आपोआप टवकारतात. एक उदाहरण सांगतो. किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन देऊळ, मी शाळेच्या सहलीपासून पाहत आलो. १२०४ मध्ये रट्ट राजघराण्याचा मंत्री बीचिराज यानं ती बांधली एवढं पाठ होतं. मग एका सकाळी दख्खनच्या देवळांवरचं एक व्याख्यान ऐकलं. त्यात वक्त्या सांगत होत्या की या देवळांच्या छतात दगडाचा एकेक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवत नेतात, असं करत करत वरचं तोंड मिटवतात, आणि मधोमध कमळ खाली लोंबतं ठेवतात. त्याच रविवारी किल्ल्यात गेलो, मंडपात उभा राहिलो आणि मान वर केली. तीस वर्षं 'छान कमळ' म्हणून बघितलेलं छत पहिल्यांदा थर मोजत बघितलं. मान दुखेपर्यंत उभा होतो.

ऐकायचं कुठे मिळतं

मराठी ऑडिओबुकसाठी स्टोरीटेल आहे. २०१७ पासून भारतात आहे आणि मराठीचा साठा मोठा आहे. महिन्याची वर्गणी भरावी लागते. कुकू एफएमवरही मराठी मिळतं. विद्यापीठांची व्याख्यानं मोफत हवी असतील तर सरकारचं 'स्वयम्' आणि आयआयटींचं एनपीटीईएल बघा. यात इतिहास, समाजशास्त्र, पुरातत्त्व असे विषयही असतात, बहुतेक इंग्रजीत. येल विद्यापीठाच्या खुल्या अभ्यासक्रमांत इतिहासाच्या अख्ख्या सत्राची व्याख्यानं मिळतात, तीही फुकट. हक्कमुक्त जुन्या इंग्रजी पुस्तकांसाठी लिब्रिवॉक्स आहे. तिथे जगभरचे स्वयंसेवक वाचून दाखवतात, त्यामुळे आवाजाचा दर्जा पुस्तकागणिक बदलतो. पुण्याच्या, मुंबईच्या, धारवाडच्या संस्थांमधली मराठी-कन्नड व्याख्यानं यूट्यूबवर शोधली की सापडतात.

यूट्यूबची अडचण एकच. फोनचा पडदा बंद केला की साध्या खात्यात आवाजही बंद होतो. चालू पडदा खिशात घेऊन बसलं की बॅटरी उतरते आणि भलतीच बटणं दाबली जातात. म्हणून तेच व्याख्यान पॉडकास्ट म्हणून मिळतं का ते आधी बघा. अँटेनापॉड हे मोफत ॲप त्यासाठी चांगलं. त्यात वेग बदलता येतो, मधली शांतता गाळता येते, आणि डोळा लागणार असेल तर ठरल्या वेळी आपोआप बंद करता येतं.

एक विनंती. मराठी ऑडिओबुकच्या चोरट्या फाइली टेलिग्रामच्या ग्रुपांवर फिरतात. घेऊ नका. दहा तासांचं पुस्तक वाचणाऱ्या कलावंतानं कित्येक दिवस बंद खोलीत घसा ताणलेला असतो. मराठीचा ग्राहक आधीच कमी, त्यात आपणच चोरलं तर पुढचं पुस्तक कोण वाचून देणार?

कादंबरी की इतिहास, हे आधी ठरवा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. मराठी ॲपवर 'इतिहास' या खणात जे दिसतं त्यातलं बरंच काही ऐतिहासिक कादंबरी असतं. कादंबरी वाईट नव्हे. मला इतिहासाची ओढ तिनंच लावली. पण कादंबरीतला संवाद लेखकानं रचलेला असतो, आणि चांगल्या आवाजात पार्श्वसंगीतासह ऐकला की तो पुराव्यासारखा मनात बसतो. मी स्वतः एका किल्ल्याची हकिकत गावच्या शिवजयंतीला माईकवरून सांगितली होती. नंतर एका निवृत्त शिक्षकांनी बाजूला घेऊन समजावलं, "बाळ, ते कादंबरीतलं आहे, कागदात नाही." त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून कुठलंही पुस्तक किंवा व्याख्यान सुरू करताना मी तीन प्रश्न मनात धरतो. सांगणारा कोण आहे? घटनेनंतर किती वर्षांनी सांगतो आहे? कशाच्या आधारानं? सभासद बखरीचं घ्या. ती १६९७ च्या सुमारास जिंजीत लिहिली गेली, म्हणजे शिवाजी महाराजांच्या निधनानंतर सतरा वर्षांनी, महाराजांच्या दरबारात वावरलेल्या माणसाकडून. त्यामुळे ती मोलाची आहेच, पण घटनेच्या दिवशी लिहिलेल्या पत्राची जागा ती घेत नाही. चांगला वक्ता हा फरक बोलता बोलता सांगून जातो. "याला समकालीन पत्र आहे", "हे फक्त बखरीत येतं", "इथे दोन मतं आहेत" अशी वाक्यं ज्याच्या तोंडी येतात तो वक्ता धरून ठेवा. तासभर एकदाही असं न म्हणणारा वक्ता कितीही रसाळ असला तरी मी एका भागावर थांबतो.

कित्तूरचं प्रकरण या सरावासाठी उत्तम. २३ ऑक्टोबर १८२४ ला कित्तूरच्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. ईस्ट इंडिया कंपनीनं कित्तूरच्या गादीचा दत्तक वारस मानायला नकार दिला त्यातून ही लढाई उभी राहिली. हाच प्रसंग एकदा कन्नड व्याख्यानात ऐका, एकदा मराठीत, आणि एकदा कंपनीच्या कागदपत्रांवर बोलणाऱ्या इंग्रजी अभ्यासकाकडून. कोण कुठून सुरुवात करतो, कोण कशाला 'बंड' म्हणतो आणि कोण 'लढा', हे तीन प्रवासांत लख्ख कळतं. पुस्तक वाचताना नजर अशा शब्दावरून सरकून जाते. ऐकताना तो शब्द अडतो.

निघण्याआधी, घरी

सगळं आदल्या रात्री डाउनलोड करा. हायवेवर रेंज असते, पण जांबोटी-कणकुंबीकडे किंवा चोर्ला घाटात शिरलात की जंगल सुरू होतं आणि वाक्य अर्ध्यावर तुटतं. रेल्वेनं लोंढ्याच्या पुढे कॅसलरॉकच्या बाजूला तेच. जागेची काळजी नको. बोलण्याचा आवाज ६४ केबीपीएस इतक्या साध्या दर्जाला उतरवला तर तासाला सुमारे २९ एमबी लागतात. दहा तासांचं पुस्तक तीनशे एमबीच्या आत बसतं. जुन्या फोनवरही चार पुस्तकं सहज मावतात.

भागाची लांबी प्रवासाशी जुळवा. पाऊण तासाच्या बसला पस्तीस ते चाळीस मिनिटांचं व्याख्यान, म्हणजे शेवटी उतरायची तयारी करायला वेळ राहतो. ऑडिओबुकची लांब प्रकरणं रेल्वेसाठी ठेवा. मिरजेला जाताना गाडी घटप्रभा, रायबाग करत कुडचीला कृष्णेवरून जाते. तिचा हेलकावा एकसारखा असतो, मध्येच कुणी उठवत नाही. माझी दोन मोठी पुस्तकं त्याच वाटेवर पुरी झाली. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रभर बेंगळूरला जाणार असाल तर आपोआप बंद होण्याची वेळ नक्की लावा, नाहीतर सकाळी पुस्तक सहा प्रकरणं पुढे गेलेलं असतं आणि आपण कुठे झोपलो ते शोधण्यात वेळ जातो.

बसमध्ये

जागा मिळाली तर मधली घ्या. मागच्या चाकावरच्या बाकावर काचा खडखडतात, पुढे इंजिनाची घरघर. आणि जागा न मिळणंच जास्त. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना राज्याच्या बसचा प्रवास मोफत झाल्यावर सकाळच्या गाड्या भरून येतात. पूर्वी घरीच थांबणाऱ्या कितीतरी जणी कामाला, कॉलेजला येऊ लागल्या, हे मला फार आवडतं. म्हणजे उभं राहून ऐकायची सवय हवी. एक हात दांडीला, फोन खिशात, आणि थांबवण्याचं बटण इअरफोनच्या वायरवरच असावं. कंडक्टर "मुंद होग्री, मुंद होग्री" (पुढे चला) करत आला की फोन बाहेर काढायची सोय नसते.

इअरफोन रबरी टोपी असलेला, कानात नीट बसणारा घ्या. महागाची गरज नाही. कान जितका बंद तितका आवाज कमी ठेवता येतो, आणि हे महत्त्वाचं आहे. बसच्या गोंगाटावर मात करायला माणूस आवाज चढवत नेतो आणि त्याला कळतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास अशी मर्यादा सांगितली आहे. त्याहून तीन डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो. घरी शांत खोलीत आवाज ठरवा आणि बसमध्ये त्यापेक्षा फार वर जाऊ नका. शब्द कळत नसतील तर व्याख्यान थांबवा, गाणं ऐका किंवा खिडकीबाहेर बघा. पिरनवाडीच्या पुढे वाहतूक तुंबली की मी तेच करतो.

थांबा चुकू नये म्हणून शेवटची दहा मिनिटं एक कान मोकळा ठेवा. फोनचा स्पीकर लावून सगळ्या बसला ऐकवू नका, विषय कितीही थोर असला तरी.

दुचाकीवर मात्र अजिबात नाही. हेल्मेटखाली इअरफोन घालून हायवेवर जाणारी पोरं रोज दिसतात. मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला पाहिजे. दुचाकीवाल्यांनी ऐकणं पोहोचल्यावर, डबा खाताना करावं.

ऐकताना अडणाऱ्या गोष्टी

नावं सगळ्यात जास्त अडतात. अभ्यासक जुनी नावं वापरतात आणि आपल्या दारातलं गाव आपल्यालाच ओळखू येत नाही. वेणुग्राम म्हणजे बेळगाव, पलाशिका म्हणजे हलशी, सुगंधवर्ती म्हणजे सौंदत्ती, करहाटक म्हणजे कराड. इंग्रजी व्याख्यानात उच्चारांचा आणखी एक पडदा असतो. अशा नावांची एक यादी मी वहीत वाढवत नेली. आता दोन पानं झाली आहेत आणि नव्या माणसाला मी आधी तीच देतो.

सनांचंही तसंच. कोरीव लेखांत शक येतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन, महिन्यानुसार कधी ७९. राज्याभिषेक शके १५९६, म्हणजे १६७४. बसमध्ये ही बेरीज मनातल्या मनात करायची सवय लागली की वक्ता पुढे निघून गेला असं होत नाही.

वेगाबद्दल माझं मत ठाम आहे. मराठी ऑडिओबुक सव्वा पटीनं चालेल, दहा तासांचं आठ तासांत संपतं. पण व्याख्यान पहिल्या वेळी मूळ वेगानंच ऐका. वक्ता जिथे थांबतो तिथे तो विचार करत असतो, आणि ती जागा आपल्यालाही विचार करायला असते. परभाषेतलं व्याख्यान तर गरज पडली तर पाऊणपट वेगानं ऐका. त्यात कमीपणा काही नाही. इंग्रजीची भीती असलेल्यांनी आधी तोच विषय मराठीत किंवा कन्नडमध्ये ऐकावा. विषय माहीत असला की इंग्रजी वाक्य अर्धं कळलं तरी उरलेलं जुळतं. आमच्या कारखान्यातला एक मराठी माध्यमाचा फिटर याच वाटेनं वर्षभरात इंग्रजी व्याख्यानांपर्यंत आला.

उतरल्यावर

हलत्या बसमध्ये लिहिता येत नाही, लिहिलेलं वाचताही येत नाही. मी गेटपर्यंत चालताना फोनवर स्वतःच्या आवाजात मिनिटभर बोलून ठेवतो. काय ऐकलं, काय पटलं नाही, कुठलं नाव शोधायचं. सोबत व्याख्यानातलं मिनिट सांगतो, म्हणजे परत तिथेच जाता येतं. रविवारी ते सगळं ऐकून वहीत दोन ओळी उतरवतो. ज्या व्याख्यानावर मिनिटभरही बोलता येत नाही ते मी परतीच्या बसमध्ये पुन्हा लावतो.

आणि कुणाला तरी सांगा. गेल्या पावसाळ्यात इदलहोंडहून चढलेल्या एक आजी शेजारी बसल्या होत्या. मांडीवर भाजीची पाटी. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "काय ऐकूलास बाळ एवढं?" मी म्हटलं, "आजी, हलशीच्या देवळाचं." त्यांचं माहेर हलशीचं निघालं. लहानपणी देवळाच्या पायऱ्यांवर कशा खेळायच्या, जत्रेला कोण कुठून यायचं, ते त्या मच्छे येईपर्यंत सांगत राहिल्या. मी इअरफोन काढून खिशात ठेवला होता. संध्याकाळी परतताना व्याख्यान जिथे थांबवलं होतं तिथून लावलं आणि आधी आजींचं बोलणं फोनवर नोंदवून घेतलं, तारखेसकट.